भागीतली रायफल

कळंबच्या शिवारात कुणाचं काही अडलं की माणूस सरळ रामहरीच्या घराकडं वळतो. ताडपत्री, शिडी, पाइप, फवारणीचा पंप, लग्नात पाहुण्यांना लागणाऱ्या गाद्या, काहीही मागा. रामहरी म्हणतो, "न्या की." त्याच्या तोंडून दुसरा शब्द कुणी ऐकलेला नाही. गावात त्याला देवमाणूस म्हणतात. देवमाणसाच्या बायकोला काय म्हणतात ते तिच्या तोंडावर कुणी बोलत नाही, पण तिला ठाऊक आहे. भांडकुदळ.

आता ती भांडकुदळ का झाली, हे कुणी विचारलं? नेलेली ताडपत्री फाटून येते. शिडीची पायरी निखळून येते. बरं, आपण होऊन आली तर नशीब. नाहीतर जयवंता डोक्यावर पदर घेऊन ज्याच्या त्याच्या दारात उभी राहते आणि स्वतःचीच वस्तू भीक मागितल्यासारखी मागते. त्यावर ऐकून घ्यायचं, "रामहरीदादा काय म्हणले न्हाईत, तुमालाच लई घाई." म्हणजे द्यायचं पुण्य त्याचं आणि मागून आणायचं पाप हिचं. लग्न होऊन आल्यापासून ही वाटणी अशीच चालत आली आहे.

तिचा राग गावाला पाठ झाला होता, त्यामुळं त्याची किंमतही राहिली नव्हती. जयवंता ओरडली की लोक म्हणायचे, चालायचंच. ती ओरडून दमायची आणि पुन्हा दोडक्या-कारल्याच्या तारांखाली जाऊन कामाला लागायची. मांडवाची तार ओढण्यात, वेल चढवण्यात तिचा हात असा की शेजारच्या वस्तीवरच्या बायका बघायला यायच्या. कारल्याची बाग तिची होती. सातबारा रामहरीच्या नावावर असला तरी त्या मांडवाखाली शब्द तिचा चालायचा.

या वर्षी मात्र जे झालं त्यानं तिचा राग नेहमीसारखा दमून बसेना.

रामहरीचा धाकटा भाऊ लखन. वाटण्या झाल्यावर त्यानं वरकुट्याला पेरूची बाग केली, शेजारी ऊस लावला. दोन्ही चांगलं पिकवतो, माणूस कष्टाळू आहे, त्यात खोट नाही. उसातलं तण मारायला तो रामहरीचा पंप घेऊन गेला. तणनाशक मारलं आणि पंप तसाच, न धुता आणून पडवीत ठेवला. रामहरीनं त्याच पंपात औषध कालवून कालव्याकडच्या तुकड्यातल्या टोमॅटोवर फवारलं. आठवडा गेला नाही तोवर शेंड्यांची पानं कोंबडीच्या पायासारखी आखडली. फुलं गळाली. हातातोंडाशी आलेलं पीक उभ्या उभ्या गेलं.

लखन येऊन बघून गेला. बांधावर उभा राहून म्हणाला, "व्हायरस आलाय, दादा. औंदा सगळीकडंच हाय." आणि रामहरी म्हणाला, "असंल."

जयवंतानं पंपाचं झाकण उघडून वास घेतला. उसाच्या तणनाशकाचा तो उग्र वास ज्याच्या नाकात एकदा बसला तो पुन्हा चुकत नाही. तिनं पंप नवऱ्याच्या पायाशी आपटला. रामहरीनं तो उचलला, धुतला, आणि खुंटीला लावला. भावाला एका शब्दानं विचारलं नाही.

त्या टोमॅटोच्या पैशातून प्रगतीची रायफल यायची होती.

प्रगती त्यांची एकुलती एक लेक, अकरावीला, बारामतीला शिकते. तिथल्या एका नेमबाजीच्या क्लबात दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीबरोबर गेली आणि तिथलीच झाली. हवेच्या दाबावर चालणारी रायफल, समोर कागदाचं लक्ष्य, आणि त्यावर डोळ्यात मावणार नाही एवढा ठिपका. जयवंताला पहिल्यांदा हसू आलं होतं. एवढ्या लांबून पोरी टिंब मारतात म्हणे. मग एकदा ती स्वतः जाऊन बसली. पोरगी रायफल खांद्याला लावून उभी राहिली आणि जागची हलेना. घरात पायाला भिंगरी असलेली ही पोर एवढी निश्चल कशी राहते, हे बघायला आई पुढं सरकून बसली.

त्या दिवशी तिथल्या सरांनी जयवंताला बाजूला बोलावलं. पोरगी चांगली आहे, म्हणाले, राज्याच्या स्पर्धेत उतरवू. पण क्लबाच्या रायफली सगळ्यांच्या. गाल टेकायची पट्टी, खांद्याचा दस्ता, सगळं प्रत्येकीच्या अंगाप्रमाणं स्क्रूनं फिरवावं लागतं. ही येते तोवर दुसरीनं फिरवून ठेवलेलं असतं. दुसऱ्याच्या चपला घालून पळायला लावल्यासारखं आहे ते. आणि मग जरा थांबून ते म्हणाले की आणखी एक गोष्ट आहे, ही आपली पाळी दुसऱ्यांना देऊन टाकते. कुणी म्हटलं मला लवकर जायचंय, की ही बाजूला होते. शेवटी उरलेल्या वेळात उभी राहते, तेव्हा हात दमलेले असतात.

जयवंता तिथंच तापली. बापावर गेली होती पोर. नाक आईचं घेतलं, रंग आईचा घेतला, आणि नेमकं हे त्याचं उचललं. एसटीत तिनं पोरीला असं झाडलं की पुढच्या सीटवरची माणसं कानकोंडी झाली. प्रगती खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "ती लांबून येती गं, मम्मी." कळंब काय क्लबाच्या परसात होतं?

नवी रायफल घेणं आवाक्याबाहेरचं होतं. तेवढ्यात सरांनीच सांगितलं की इंदापूरला विजयसिंह नावाच्या मुलाकडं एक आहे, चार वर्षं वापरलेली. त्याला पुण्यात नोकरी लागली, नेमबाजी सुटली, तो विकतोय. अकलूजचं एक गिऱ्हाईक येऊन गेलंय, तेव्हा बघायची तर लवकर बघा. जयवंताच्या कारल्याचे पैसे आणि टोमॅटोचे मिळून सहज जमलं असतं. आता टोमॅटो गेला होता आणि अर्ध्याचीच सोय होती.

आणि इथं लखन उभा राहिला. म्हणाला, "निम्मं मी घालतो. पोरगी काय माझी न्हाय का?"

रामहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. बघ, भाऊ कसा धावून आला, असं तो जयवंताला दोनदा म्हणाला. तिलाही क्षणभर वाटलं की बोलला नाही तरी पंपाचं याच्या मनाला लागलंय, म्हणून देतोय. तिनं त्याला दूध जास्त घालून चहा दिला. त्या चहाचा तिला पुढं फार राग आला.

कारण दोन दिवसांनी रामहरीच्याच तोंडून बाहेर पडलं की रायफल भागीत घ्यायची ठरलीय. विहीर भागीत असते तशी. विहिरीच्या पाण्याला जशी पाळी लावतात, एवढे दिवस तुझी मोटार, एवढे दिवस माझी, तशी रायफलीलाही पाळी. कॉलेजच्या दिवसांत प्रगतीची आणि सुट्टीच्या दिवशी लखनची. लखनला ती कशाला? पेरूवरचे पोपट मारायला. जाळी टाकून, डबे वाजवून तो कंटाळला होता.

"अवं, ती काय गोफण हाय का?" जयवंता म्हणाली.

रामहरी म्हणाला, रायफल काय झिजते का? सुट्टीला घरात पडूनच राहणार. पडलेली वस्तू कुणाच्या उपयोगी आली तर आपलं काय जातं? हे त्याचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान, आणि त्यात टोमॅटोनं जीव सोडून महिनाही झाला नव्हता. जयवंतानं हातातली परात अशी ठेवली की तिला पोचा आला. प्रगती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि आत जाऊन अभ्यासाला बसली. पोपट मारणं गुन्हा आहे, सर म्हणत होते, एवढं तिनं नंतर आईला हळूच सांगितलं. बापाला नाही, काकाला नाही.

तरीही ते सगळे इंदापूरला गेले. लखनची जीप, पुढं दोघं भाऊ, मागं मायलेकी. निमगाव केतकी येईपर्यंत लखन पोपटांचंच बोलत होता.

विजयसिंहाचं घर गावाच्या कडेला, मागं लांबट पत्र्याची शेड. त्यातच तो सराव करायचा. एका टोकाला लक्ष्य लावायची चौकट अजून तशीच होती. त्याची आई माधवी सगळ्यांना बसायला सांगून पाणी घेऊन आली. पोरानं पेटी उघडली. आत स्पंजच्या खोबणीत रायफल अशी निजली होती की जयवंताला बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं आणि तिनं आवाज आपोआप खाली घेतला.

विजयसिंहानं प्रगतीला स्क्रू कसे फिरवायचे ते दाखवलं. तिनं पट्टी वर घेतली, गाल टेकला, पुन्हा जरा खाली घेतली. दस्ता आखूड केला. तिला घाई नव्हती. मग ती उभी राहिली. बारीकसा आवाज झाला. पुन्हा झाला. बऱ्याच वेळानं विजयसिंह लक्ष्याचा कागद घेऊन आला, तेव्हा मधोमध एकच भोक होतं, कडा कुरतडलेलं. तो आईला म्हणाला, "मला एवढं कधी जमलं नाही." प्रगती लाजली, पण तिनं रायफल खाली ठेवली नाही. जयवंतानं पोरीचं असं तोंड याआधी पाहिलं नव्हतं. आपलं काहीतरी सापडल्यावर माणसाचं होतं तसं.

रायफल निर्दोष होती. जयवंतानं बाजारात गाय घेताना विचारतात तसं विचारलं, एवढी चांगली राहिली कशी? त्यावर माधवी हसली. या पोरानं चार वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, म्हणाली. खंडेनवमीला याच्या वडलांनी पूजेत मांडायला मागितली, हळदकुंकू वाहायला. यानं तेव्हाही दिली नाही, पेटीला बाहेरून फूल वाहा म्हणाला. पाहुण्यांची पोरं मागायची, भाचे मागायचे, याच्या चुलत्याच्या लग्नात वरातीत मिरवायला मागितली. प्रत्येकाला नाही. "माजलेत म्हणाले आम्हाला. मी म्हटलं, म्हणू देत."

जयवंता त्या बाईकडं बघत राहिली. नाही म्हणणारं सबंध घर तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. आणि घर उभं होतं. पत्रे उडाले नव्हते.

तेवढ्यात लखननं विचारलं, "पोपट किती लांबून पडंल हिनं?"

विजयसिंहाचा चेहरा उतरला. ही पाखरं मारायची नाही, तो म्हणाला, तसं करायचं असेल तर मी विकणार नाही. लखन मोठ्यानं हसला. निम्मी रायफल माझी, म्हणाला, माझ्या पाळीला मी कशावर चालवीन ते माझं मी बघीन. त्यानं पाळीचं सगळं गणित त्या पोराला समजावूनही सांगितलं, अगदी मोकळ्या मनानं. त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटतच नव्हतं. विजयसिंह प्रगतीकडं बघत राहिला आणि प्रगती जमिनीकडं.

जयवंता उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि घरच्यांना त्याचंच भय वाटलं.

"भावजी, तुमचे पैसे वाटा म्हणून नकोत. माझा टोमॅटो तुमच्या तणनाशकानं गेला. त्याची भरपाई म्हणून द्या. न्हायतर खिशात ठेवा."

"कसली भरपाई?" लखन लाल झाला. "मी पंप धुवून दिला हुता. दादा, तूच सांग ह्यांच्यासमोर. धुतला हुता का न्हाय?"

सगळे रामहरीकडं बघायला लागले. पंप त्यानं स्वतः धुतला होता, त्याच्या हाताला तो वास लागला होता. व्हय म्हणावं तर खोटं, न्हाय म्हणावं तर भाऊ तुटतो. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग तो लखनकडं बघेना, बायकोकडं बघेना. विजयसिंहाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. रायफल नको आमाला."

आणि शेडच्या दाराकडं चालू लागला. लखन त्याच्यामागं गेला.

सगळ्या जन्मात या माणसानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ताडपत्री मागणाऱ्याला नाही, पंप मागणाऱ्याला नाही, चार-चार वेळा बुडवणाऱ्याला नाही. पहिलं नाही त्याच्या तोंडून निघालं ते पोटच्या पोरीला. जयवंताला वाटलं धावत जाऊन त्याची ती टोपी ओढावी.

मागं बारीक कुरकुर झाली. प्रगती वाकून स्क्रू फिरवत होती. पट्टी जिथं होती तिथं, दस्ता जिथं होता तिथं, विजयसिंहाच्या खुणेवर परत नेत होती. रडत नव्हती. मन लावून करत होती, दुसऱ्याची वस्तू परत देताना नीट द्यावी म्हणून.

जयवंता दारापर्यंत गेली. जीपपाशी पोचलेल्या नवऱ्याला तिनं हाक मारली.

"तुमाला न्हाय म्हणता येतं व्हय? येवढी वर्सं मला वाटलं, जीभच वळत न्हाय."

रामहरी थांबला. लखननं जीप चालू केली.

"जावा तुमी," ती म्हणाली. "आमी एसटीनं येतो."

मग ती परत आली आणि माधवीसमोर बसली. ती भांडायला सरावलेली बाई होती, विनवायला नाही, त्यामुळं तिचं बोलणंही भांडल्यासारखंच झालं. रायफल मीच घेणार, एकटी घेणार, म्हणाली. निम्मे पैसे आज घ्या. बाकीचे कारल्याचा हंगाम उरकला की. कारलं माझं हाय, त्याच्यावर कुणाचा पंप फिरलेला न्हाय, मी फिरू देणार न्हाय. विजयसिंह घुटमळला. अकलूजचं गिऱ्हाईक रोकडा घेऊन बसलं होतं. माधवी त्याला म्हणाली की तू पुण्याला जा, पैसे फिटेपर्यंत पेटी माझ्या कपाटात राहील. जयवंताला तिनं एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ही पाखरावर चालली असं कानावर आलं तर मी स्वतः कळंबला येईन.

जयवंताला त्याचाही राग आला. आपल्या घराची अब्रू अशी दुसऱ्या बाईनं तपासावी, हे तिला झोंबलं. पण त्या बाईचं चुकलं कुठं होतं? तिनं मान हलवली.

"तुझ्या मापाची करून ठेव," विजयसिंह प्रगतीला म्हणाला. "आता कोणी हात लावणार नाही."

पोरीनं आईकडं बघितलं. मग ती पुन्हा वाकली आणि मघाशी उलटे फिरवलेले स्क्रू तिनं सुलटे फिरवायला घेतले. या वेळी तिला बराच वेळ लागला, कारण दर फेऱ्याला ती गाल टेकून बघत होती.

इंदापूरच्या स्टँडवर एसटी भरूनच निघाली. दोघींना मागच्या बाकावर जागा मिळाली. जयवंताचा राग अजून उतरला नव्हता. घरी जाऊन काय वाढून ठेवलंय तिला माहीत होतं. रामहरी जेवणार नाही, लखन चार महिने पायरी चढणार नाही, आणि दोन्हींचा बोल गावात तिलाच लागणार. लागू दे. तिला खरी भीती वेगळीच होती. ती स्वतः काय जन्माला पुरणार होती का? पेटी घरात आल्यावर जयवंता मांडवात असताना कुणीतरी मागायला येणार, आणि घरात ही बापाची लेक एकटी असणार.

"मम्मी," प्रगती म्हणाली, "पप्पांनीच मागितली तर? काकासाठी?"

"त्यांनाच पयलं न्हाय म्हणायचं."

प्रगती बोटानं खिडकीची काच पुसत राहिली.

"म्हण," जयवंता म्हणाली.

"काय?"

"न्हाय म्हण. हितं म्हण, माझ्यासमोर."

"न्हाय," पोरगी पुटपुटली.

"हे मला ऐकू आलं न्हाय. त्यांना काय यायचंय? जोरात."

प्रगतीनं एकदा आजूबाजूच्या माणसांकडं बघितलं, आणि मग समोर. रायफल धरताना उभी राहते तशी ताठ झाली. दुसऱ्या वेळी सबंध एसटीनं मागं वळून बघितलं.